‘मी आले’ की ‘मी आलो’?

पुणे, रविवार

प्रिय सुधा,

सप्रेम नमस्कार.

सात महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, हा गुन्हा कबूल. गुडघा होता तसाच आहे, आई बरी आहे. आज लिहावयास बसले, कारण एका क्रियापदाने तीन आठवडे माझी झोप उडवली आहे आणि हे दुखणे तुझ्याखेरीज कोणालाही कळणार नाही.

एका दिवाळी अंकासाठी मी कॅथे विल्यम्सची हकिकत मराठीत आणत आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातली ही मुलगी. बाप स्वतंत्र होता, पण आई गुलाम, म्हणून लेकही गुलाम. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेने तिला मालकाच्या घरून स्वयंपाकासाठी नेले. तिला स्वयंपाक येतच नव्हता, तो ती फौजेत शिकली. (तुझ्या लग्नानंतरचे पहिले वर्ष आठवले, रागावू नकोस.) डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १८६६ रोजी, सेंट लुईस येथे ती पुरुष म्हणून अडतिसाव्या पायदळात भरती झाली. नाव सांगितले विल्यम कॅथे. आपलेच नाव उलटे केले, एवढेच. नातेवाइकांवर किंवा मित्रांवर भार न होता स्वतःचे पोट स्वतः भरायचे होते, असे कारण तिने पुढे दिले.

आता माझी अडचण पाहा. इंग्रजीत ती जवळजवळ दोन वर्षे ‘मी’ म्हणून बोलत राहिली आणि एकाही क्रियापदाने तिची चुगली केली नाही. मराठीत पहिल्याच हजेरीला पकडली गेली असती. ही हकिकत १८७६ साली वर्तमानपत्रात छापून आली तेव्हा ती बाई म्हणूनच बोलत होती, तेव्हा ‘मी भरती झाले’ हे व्याकरणाने शुद्ध आहे. पण ते लिहिले की खांद्यावर बंदूक घेतलेला तो शिपाई नाहीसा होतो. ‘झालो’ लिहावे, तर संपादक मुद्रणदोष समजून सुधारतील. शिवाय पलटणीत तिचे गुपित दोघांनाच ठाऊक होते, एक जिवलग मित्र आणि एक ‘कझिन’. तो चुलत की मामे, हेही मराठीला हवेच!

वाटले, फोर्ट बेयार्ड या लष्करी ठाण्यावरच्या डॉक्टरला ती बाई असल्याचे कळते, बरोबरचे शिपाई वाईट वागू लागतात आणि १४ ऑक्टोबर १८६८ रोजी तिला सोडतात, तिथून ‘झाले’ सुरू करावे. पण मग तिचे लिंग डॉक्टरने ठरवल्यासारखे होईल, आणि तुम्हा डॉक्टरांच्या जमातीवर माझा तितका विश्वास नाही. भरतीच्या वेळी त्यांना ती बाई आहे हे दिसले नाही. १८९१ मध्ये तिने निवृत्तिवेतन मागितले तेव्हा पायांची बोटे कापलेली असूनही अपंगत्व दिसले नाही. अर्ज फेटाळला गेला.

सुधा, मग मला तुझी आजी आठवली. ‘मी जेवलो ग, तू बस’, असे ठसक्यात म्हणणारी. वसतिगृहात तूही ‘मी आलो’ म्हणत आलीस आणि आम्ही पुण्याच्या पोरी हसलो. वर्षभर मी तुला ‘आले, गेले, जेवले’ घोकायला लावले. त्यानंतर संमेलनात तू बहिर्जी नाईक झालीस आणि भरल्या सभागृहात म्हणालीस, ‘महाराज, मी सुरतेहून आले!’ त्यावरून आपण दीड महिना बोललो नाही. दोष विंगेतून संवाद सांगणाऱ्या माझा, असे तू म्हणत होतीस, आणि मी वाद घालत होते. दोष माझाच होता; मात्र त्या रात्रीचा नव्हता, आधीच्या वर्षाचा होता.

नव्या दवाखान्याचे अभिनंदन. निशाचा निकाल कळव, भाऊजींना नमस्कार.

आजीच्या बोलीत ‘आलो’ म्हणताना बाई पुरुष होत नसे. तीच बोली कॅथेला द्यावी काय? की कोल्हापूरचा रस्सा मिसुरीच्या ताटात वाढल्यासारखे होईल? मजकूर गुरुवारी द्यायचा आहे. पोस्टकार्डावर एकच अक्षर लिहिलेस तरी चालेल: ‘ले’ किंवा ‘लो’.

तुझी,
कुमुद