काका, सर्व्हरचा पासवर्ड आमच्याच कपाटात आहे

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितेय म्हणून आधी ओरडून घ्या. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. बाबांचे मित्र, भोसरीतल्या एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागातून निवृत्त, मुक्काम कोथरूड. एवढ्या खुणांवर कोथरूडात बरेच काका सापडतील, तेव्हा निश्चिंत असा.

सर्व्हर उभा करून द्यायला तुम्ही येण्याआधी सदाशिव पेठेतल्या आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात ‘सर्व्हर’ म्हणजे अकाउंटंट बाईंचा पीसी होता. टॅलीचा डेटा, क्लायंटची रिटर्न्स, नोटिसांची उत्तरं, सगळं त्याच्यावर शेअर केलेलं. बाई रजेवर गेल्या की त्यांचा पासवर्ड फोन करून विचारायचा. राउटरचा पासवर्ड तर ज्यांनी तो बसवला त्यांच्याचकडे; साधं एक सेटिंग बदलायचं तरी व्हिजिट चार्ज. मग नवी विंडोज ११ ची मशीनं आली आणि त्यांनी ते बिनपासवर्डचं जुनं शेअर उघडायला साफ नकार दिला. त्याच सुमारास एका पुरवठादाराचं नव्या सर्व्हरचं कोटेशन हातात पडलं. ते बघून मी बाबांना फोन केला आणि बाबांनी तुम्हाला.

तुम्ही कोटेशनकडे बघितलंसुद्धा नाहीत. आधी विचारलंत, माणसं किती, मशीनं किती, आणि त्यातली होम एडिशनची किती? विंडोजची होम एडिशन डोमेनला, म्हणजे सगळी मशीनं आणि खाती एका सर्व्हरखाली आणणाऱ्या जाळ्याला, जोडताच येत नाही, प्रो लागतं, हे कोटेशन देणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. त्यात विंडोज सर्व्हर २०२२ ची स्टँडर्ड एडिशन धरली होती. तिचं लायसन्स कमीत कमी सोळा कोअरचं घ्यावं लागतं, प्रोसेसर आठ कोअरचा असला तरी, आणि वर प्रत्येक माणसामागे वेगळं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचा परवाना. आमच्यासारख्यांना त्याचीच छोटी एसेन्शियल्स एडिशन पुरते. पंचवीस युजर आणि पन्नास मशीनपर्यंत कॅल लागत नाही, एकच प्रोसेसर आणि दहा कोअरची मर्यादा आहे, आणि ती सर्व्हरच्या मशीनसोबतच मिळते. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०३१ पर्यंत. त्या वाचलेल्या पैशांतून चांगला यूपीएस घ्या म्हणालात. घेतला.

इन्स्टॉलेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पेन ड्राइव्ह लावला, ‘नेक्स्ट’ दाबत गेलो, चहा होईपर्यंत विंडोज उभं राहिलं. खरं काम त्यानंतरचं. सर्व्हरला १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता दिलात. डोमेनला ‘डॉट लोकल’ असं शेपूट लावू दिलं नाहीत. आमच्या वेबसाइटचं जे नाव नोंदवलेलं आहे, त्याच्याच पोटातलं एक नाव दिलंत. मग अॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे माणसांच्या खात्यांची आणि मशीनांची यादी, आणि तिच्या जोडीला नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस.

पहिलं मशीन डोमेनला जोडायला गेलो तर डोमेन कंट्रोलर, म्हणजे आपला सर्व्हरच, सापडत नाही म्हणे. तुम्ही शांतपणे नेटवर्क सेटिंग उघडून दाखवलीत. ब्रॉडबँड जोडणाऱ्या मुलानं प्रत्येक मशीनवर हातानं ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता टाकून ठेवला होता. ‘आपल्या ऑफिसचा सर्व्हर कुठे बसतो हे गूगलला कसं माहीत असणार?’ म्हणालात. मशीननं नाव विचारायचं ते फक्त आपल्या सर्व्हरला, आणि बाहेरची नावं सर्व्हरनं फॉरवर्डरमार्फत, म्हणजे बाहेरच्या डीएनएसला, विचारून आणायची. दुसरा पर्याय म्हणूनही बाहेरचा डीएनएस मशीनवर ठेवायचा नाही.

तरी दुपारी निम्मी मशीनं लॉगिन होईनात. राउटरचं डीएचसीपी, म्हणजे मशीनांना पत्ते वाटायचं काम, बंद करून ते सर्व्हरला दिलेलं, तेव्हा पत्ते सर्व्हरच देत असणार. तुम्ही मला अडलेल्या मशीनवर बसवलंत, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ऑल टाइप करायला लावलंत आणि म्हणालात, ‘डीएचसीपी सर्व्हर लिहिलेली ओळ मोठ्यानं वाच.’ वाचली. १९२.१६८.०.१. आमचं सगळं नेटवर्क तर १९२.१६८.१ चं! म्हणजे ऑफिसात आणखी कुणीतरी पत्ते वाटत होतं. स्विचवरची एकेक केबल काढायची आणि बघायचं, असं करत आपण साहेबांच्या केबिनमध्ये पोचलो. आयकर कायद्याच्या जुन्या खंडांमागे, धुळीत, एक वायफायचा डबा मिणमिणत होता. कधी काळी मोबाइलला रेंज मिळावी म्हणून लावलेला आणि सगळे विसरून गेलेले. त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि अर्ध्या तासात सगळी मशीनं आत. साहेब अजूनही त्याला माझा डबा म्हणतात.

स्कॅनरवरून मात्र तुमचं आणि आमच्या बाईंचं चांगलंच वाजलं. जुन्या झेरॉक्स मशीनवरचा स्कॅन थेट फोल्डरमध्ये जायचा, तो बंद झाला, कारण त्या मशीनला एसएमबीची, म्हणजे फोल्डर शेअर करायच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीच कळते आणि नव्या सर्व्हरवर ती मुळात बंद असते. ‘तेवढी चालू करून द्या ना’ असं बाई दिवसभर म्हणत होत्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ह्याच दारातून जगभर शिरला होता, त्याचा पॅच मार्चमध्येच येऊनसुद्धा, हे तुम्ही त्यांना पुरतं समजावलंत आणि स्कॅन ईमेलवर वळवून दिलात. बाई अजून कुरकुरतात. माझ्या मते तुमचंच बरोबर होतं, आणि हे त्या वाचणार आहेत हे ठाऊक असून लिहितेय.

फोल्डरचे अधिकार एकाही माणसाच्या नावावर दिले नाहीत, ग्रुपला दिले. आर्टिकलची शिकाऊ मुलं येतात-जातात. खातं ग्रुपमधून काढलं की झालं. पगाराचं फोल्डर ज्यांना अधिकार नाही त्यांना आता दिसतसुद्धा नाही. आधी दिसायचं पण उघडायचं नाही, आणि त्यावरच जास्त चर्चा व्हायची.

बॅकअपला तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ घेतलात. दोन डिस्कचा मिरर आहे, एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटतं, मग वेगळा बॅकअप कशाला, असं साहेबांनी विचारलं. चुकून पुसलेली फाइल मिररवरूनही त्याच क्षणी पुसली जाते, एवढंच तुम्ही म्हणालात. आता सर्व्हर रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतो. अशा दोन डिस्क आहेत आणि शनिवारी त्यातली एक माझ्या पर्समधून घरी जाते. बॅकअप घेऊन तुम्ही थांबला नाहीत. एक खोटं फोल्डर करून ते पुसायला लावलंत आणि परत आणून दाखव म्हणालात. यूपीएसचीही तशीच परीक्षा. चालू ऑफिसात सरळ प्लग खेचलात! बॅटरी उतरत आल्यावर सर्व्हर आपणहून नीट बंद होतो हे सगळ्यांनी बघितलं, तेव्हा कुठे साहेबांचा श्वास खाली आला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा आता कुणी धावत नाही.

पण हे पत्र मुख्यतः त्या रजिस्टरसाठी आहे. तपकीर गल्लीत पॅच कॉर्ड आणायला गेलात आणि येताना लांबलचक वही घेऊन आलात. स्विचचं कुठलं पोर्ट कुणाच्या टेबलाला, कुठला पत्ता कुठल्या प्रिंटरला, नवा माणूस आला तर काय करायचं, गेला तर काय करायचं, सगळं तुमच्या टपोऱ्या अक्षरात, मराठीत. शेवटी दोन पासवर्ड, एक अॅडमिनिस्ट्रेटरचा आणि एक डिरेक्टरी दुरुस्त करायच्या मोडचा, वेगवेगळ्या पाकिटांत. जोडावर साहेबांची सही. ‘माझ्याकडे कॉपी नाही, मला विचारायचं नाही,’ म्हणालात. सर्व्हर उभा करून देणारे पुण्यात पुष्कळ मिळतील, पण किल्ली स्वतःकडे न ठेवणारा माणूस ऑफिसला पहिल्यांदाच भेटला.

फी घेतली नाहीत, केबलच्या बिलाचे पैसे मात्र पावतीसकट वसूल केलेत. हरकत नाही. ऑडिटची धामधूम संपली की काकूंना घेऊन घरी जेवायला यायचं आहे. बाबांनी वार ठरवून ठेवलाय.

तुम्ही मुलाकडे बंगळूरला होता तेव्हा नवा प्रिंटर आला. कुणालाही न बोलावता मी त्याला डीएचसीपीत १९२.१६८.१.२३ राखून दिला, ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरूनच, सगळ्यांना लावून दिला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. अक्षर तुमच्याइतकं टपोरं नाही, पण वाचता येतं.

आपली,
बाबांच्या ओळखीवर हक्कानं त्रास दिलेली