नुसती छिद्रे मोजून भागत नाही

महोदय,

खडकांतून जाणाऱ्या भूकंपलहरींवरचा आपल्या पुरवणीतला लेख मन लावून वाचला. ‘छिद्रे जितकी जास्त, तितका लहरीचा वेग कमी’ एवढ्यावर तो थांबला, म्हणून हे पत्र. खडकांचे नमुने मोजण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत.

लेखातले सूत्र वायली आणि सहकाऱ्यांचे, 1956 सालचे. लहरीचा थोडा वेळ छिद्रांतल्या पाण्यात जातो, उरलेला घन खडकात. दोन्हींची बेरीज करायची. पाण्यात लहर सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जाते, चुनखडीच्या घन भागात सुमारे 6,400. सच्छिद्रता, म्हणजे खडकाच्या आकारमानातला छिद्रांचा वाटा, 20 टक्के धरली की वेग येतो 3,870च्या आसपास. घट्ट जुळलेल्या, पाणी भरलेल्या वालुकाश्मात हा हिशेब बऱ्यापैकी बसतोही.

पण एकदा माझ्या टेबलावर चुनखडीचे दोन दंडगोल आले. दोन्ही पाच सेंटिमीटर लांब, दोन्ही पाण्याने भरलेले, दोन्हींची सच्छिद्रता 20 टक्के. टोकांना जेल लावून ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहर सोडणारी आणि टिपणारी उपकरणे, दाबले. एकातून लहर 10 मायक्रोसेकंदांत पार झाली, दुसऱ्यातून 14. म्हणजे वेग 5,000 आणि 3,570! ट्रान्सड्यूसर नीट बसला नसेल म्हणून जेल पुसून पुन्हा लावले, आकडे तेच. मग दोन्हींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले. पहिल्यात शिंपल्यांचे तुकडे विरघळून राहिलेल्या गोलसर पोकळ्या होत्या आणि त्यांच्याभोवती कॅल्साइट या चुनखडीच्या मुख्य खनिजाची भक्कम चौकट. दुसऱ्यात पिठासारख्या कणांमधल्या असंख्य बारीक फटी. गोल पोकळी कमानीसारखी दाब पेलते. चपटी फट मात्र दाबाखाली सहज मिटू लागते, त्यामुळे सगळा खडकच मऊ पडतो आणि लहर रेंगाळते. सूत्राचा आकडा या दोहोंच्या मध्ये, कुणाचाच नाही.

छिद्रांचा आकार जमेस धरणारे प्रारूप कुस्टर आणि टोकसोझ यांनी 1974 सालीच मांडले. तेही कमी सच्छिद्रतेपुरतेच नीट चालते. शिवाय पाण्यात थोडासा वायू मिसळला, तरी भुसभुशीत वालुकाश्मात प्राथमिक लहरीचा (सर्वांत आधी पोचणाऱ्या दाबलहरीचा) वेग झपाट्याने घसरतो. सच्छिद्रता मात्र तसूभरही बदललेली नसते.

संगणकात सच्छिद्रतेचा एकच आकडा भरून वेगाचा आलेख काढणारी मुले मी रोज पाहते. त्यांच्या हाती आपली पुरवणी पडते, म्हणून विनंती: पुढच्या लेखात आलेखाशेजारी त्याच खडकाच्या पातळ कापाचे छायाचित्रही छापा.

– खडक प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ