हिशोब जुळत नाहीये, सोन्या

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे सांगायला घेतलं की तू "आई मीटिंग आहे" म्हणतोस आणि मग मी पण विषय सोडून जेवलास का वर येते, म्हणून यावेळी टाइप करतेय. एका बैठकीत वाच, मधेच अंगठ्याने खाली पळू नकोस.

आधी गुडघ्याचं. बाबांनी तुला सांगितलं ना की आई बिल्डिंगच्या पायरीवरून घसरली, ते खोटं आहे आणि ते मीच त्यांना सांगायला लावलं होतं. मला सायकलवाल्याने पाडलं. हाड वगैरे काही नाही, खरचटलंय आणि जिना उतरताना दुखतं, हळद लावून झाली, डॉक्टरला दाखवून झालं, तर तू लगेच फोन करू नकोस, आधी सगळं वाच.

गेल्या रविवारी सकाळी सात-सव्वासातची गोष्ट, कर्वे पुतळ्यापाशी. मी चालून परत येत होते, हातात पिशवी, पिशवीत दुधाच्या दोन पिशव्या आणि कोथिंबीर. सिग्नल चालू झालेला होता, चालणाऱ्यांचा हिरवा लागला, डावीकडे एक पीएमटी आणि दोन-तीन स्कूटर व्यवस्थित थांबलेल्या, मी झेब्रावर अर्ध्यात आले आणि त्या थांबलेल्या बसच्या पलीकडून दहा-बारा जणांचा घोळका सूऽऽऽ करत आला. वारजेच्या दिशेने जात होते म्हणजे खडकवासला नाहीतर सिंहगड असणार. सगळे सारख्या टीशर्टात, तिघं-तिघं शेजारी, एकमेकांशी गप्पा मारत, लाल सिग्नलकडे एकानेही मान वर करून बघितलं नाही. बेल नाही काही नाही. पुढचा ओरडला "ओ काकू, साइड!" आता तूच सांग मी साइडला म्हणजे कुठे जायचं होतं? पुढे सायकली, मागे सायकली. मी जागेवरच उभी राहिले, ते शहाणपणाचं केलं असं बाबा म्हणतात, पण मधल्या एकाचं कोपर पिशवीला लागलं आणि मी खाली बसलेच. दूध रस्त्यावर. शेवटच्याने मागे वळून हात वर केला, सॉरी म्हणायचा असतो तसा, आणि गेला. एकही थांबला नाही. थांबला कोण तर रिक्षावाला! पुण्यातला रिक्षावाला थांबला, उठवून घरापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत, यावरून काय ते समज.

हे इथवर असतं तर मी शिव्या घालून गप्प बसले असते. पण त्या दिवशी दुपारी पाय वर करून पडले होते आणि मोबाइलवर तुझं स्ट्राव्हा, ते सायकलच्या फेऱ्या नोंदवणारं ॲप, उघडलं. तूच टाकून दिलंयस ना मला ते, "आई मी कुठे जातो ते दिसेल, काळजी करणार नाहीस" म्हणून. रविवारची तुझी राइड, मुलुंड ते नरीमन पॉइंटचं एनसीपीए आणि परत, ६६ किलोमीटर, खाली मरीन ड्राइव्हचा फोटो, चहाचे कटिंग हातात, सतरा जणांनी अंगठा दिलेला. मी पण देणार होते. मग आकडे बघितले. तुला माहितीये माझं, बत्तीस वर्षं बँकेत काढली, दिवसाअखेर दोन रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत घरी आले नाही.

तर मूव्हिंग टाइम, म्हणजे सायकल प्रत्यक्ष चालू होती तो वेळ, २ तास २१ मिनिटं. एकूण वेळ २ तास ४३. फरक २२ मिनिटांचा. संध्याकाळी तुला सहज विचारलं की चहाला किती वेळ थांबलात, तर तू म्हणालास "वीसेक मिनिटं, मस्त गप्पा झाल्या". राहिली दोन मिनिटं. मुलुंडपासून नरीमन पॉइंट आणि परत, एवढ्या अख्ख्या मुंबईतून जाऊन येताना तू सिग्नलला मिळून दोन मिनिटं थांबलास? तू म्हणशील हायवेला उड्डाणपूल आहेत, तिथे सिग्नल नाहीत, मान्य. जाताना पहाट होती, सिग्नल ब्लिंकिंगवर असतात, तेही मान्य, जरी पिवळा उघडझाप करत असला तर बघून सावकाश जा असा त्याचा अर्थ आहे, तुम्हाला सलामी देतोय असा नाही. पण तू पाच चाळीसला निघालास, म्हणजे परत आलास तेव्हा सव्वाआठ वाजून गेलेले. सायनच्या अलीकडचे, दादरचे, सगळे सिग्नल एकाच रविवारी तुला हिरवे मिळाले का रे? एवढं नशीब असेल तर लॉटरीचं तिकीट काढ.

हिशोब जुळत नाहीये. आणि मला पाडणाऱ्या मुलाचं जे वय दिसलं ते तुझ्याएवढंच होतं, हेल्मेटही तुझ्यासारखंच पांढरं.

आता तू काय बोलणार ते मला पाठ आहे कारण मागे दिवाळीत तू आणि मामा बोलत होतात ते मी फराळाची ताटं भरताना ऐकत होते. की बूट क्लीटने, म्हणजे तळाच्या खाचेने, पेडलला अडकलेले असतात, एकदम थांबलं तर पडायला होतं. की घोळक्यात पुढच्याने ब्रेक मारला तर मागचे सगळे अंगावर येतात. की एकदा स्पीड गेला की परत आणायला किती ताकद लागते. असेल, पण मग दोघांमधे अंतर ठेवा ना! पाऊल आधीच मोकळं करा ना सिग्नल दिसल्यावर. मागचा तुझ्या अंगावर येईल म्हणून तू माझ्या अंगावर येणार, हे कुठलं गणित? बाबा तुला लहानपणी मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला घेऊन गेले होते, आठवतं का, घाटाचा राजा कोण होणार म्हणून तू खांद्यावर बसून ओरडत होतास. ते सुसाट जातात कारण ती शर्यत असते, पुढेमागे पोलीस असतात, रस्ता मोकळा करून दिलेला असतो. तुला कुणी रस्ता मोकळा करून दिलाय? तुझ्या रस्त्यावर माझ्यासारख्या दुधाच्या पिशव्या घेतलेल्या बायका आहेत.

तुमचे ते ताशी ३४ किलोमीटरचे स्पीड असतात ना सपाटीला, मी कागदावर मांडून बघितलं, सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर झाले. आपला हॉल साडेचार मीटरचा आहे. म्हणजे मी "अगं बाई" म्हणेपर्यंत तू दोन हॉल पार केलेले असतात. आणि आवाज शून्य. मोटारसायकल निदान येताना ऐकू तरी येते, माझ्या वयाची माणसं रस्ता निम्मा कानाने ओलांडतात हे तुला साठीत कळेल.

आम्ही काही फार गुणी होतो असं नाही हं. मी कॉलेजला असताना म्हणजे ७९-८० साली पुण्यात सायकलींचा पूर असायचा, लक्ष्मी रोडला संध्याकाळी गाडीपेक्षा सायकलीच जास्त, आणि सायकलीने सायकलीला धडकून मारामाऱ्या पण व्हायच्या. पण सायकलला बिल्ला लागायचा महापालिकेचा, पैसे भरून घ्यायचा, नसला की पकडायचे. डबलसीट दिसलात की पकडायचे. अंधार पडला आणि दिवा नसला की पकडायचे. मला एकदा टिळक रोडला हवालदाराने पकडलं, माझा डायनामो चालत नव्हता, मी म्हटलं अहो काका बंद पडलाय आत्ताच, त्यांनी एक शब्द न बोलता दोन्ही चाकांची हवा सोडली आणि व्हॉल्व्ह माझ्या हातात दिले. घरापर्यंत सायकल ढकलत गेले, रडत, वर्षभर त्या माणसाचा राग होता मला. पण डायनामो दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. आता तुम्हाला ना बिल्ला ना लायसन ना नंबर प्लेट. ज्याने मला पाडलं त्याचं वर्णन मी काय देणार, पांढरं हेल्मेट आणि काळी चड्डी?

बरं कायदा नाहीच असंही नाही. मामाला विचारलं, वकील घरात असून उपयोग काय नाहीतर. तो म्हणाला मोटर वाहन कायद्यातलं बरंचसं मोटारींसाठी आहे हे खरं, पण भारतीय न्याय संहितेचं २८१ कलम, जे २०२४ च्या जुलैच्या आधी जुन्या दंड संहितेचं, आयपीसीचं, २७९ होतं, त्यात नुसतं वाहन म्हटलंय, मोटार वाहन नाही. सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं बेदरकारपणे चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सायकल त्यात बसते. मी तक्रार करणार नाहीये, कुणाविरुद्ध करू, पण तुला माहीत असावं.

तुमच्या बाजूचं पण कळतं मला, आंधळी नाहीये मी. २००८ साली ते युवक राष्ट्रकुल खेळ झाले तेव्हा पुण्यात ठिकठिकाणी सायकल ट्रॅक केले, आज त्यावर बघ काय आहे, पार्क केलेल्या गाड्या, भेळेची गाडी, मधेच विजेच्या डीपीचा खोका, आणि अचानक ट्रॅक संपतो नि समोर झाड. तिथून सायकल चालवायची कशी. दोन वर्षांपूर्वी ताईकडे नेदरलँड्सला, उट्रेक्टला राहिले ना दीड महिना, तिथे लाल रंगाचे वेगळे रस्तेच आहेत सायकलींना, आणि मी पहिल्याच दिवशी फोटो काढायला त्या लाल रस्त्यावर उभी राहिले तर माझ्याहून म्हाताऱ्या आजीबाई ट्रिंग ट्रिंग करत अशा आल्या की मी उडीच मारली. चूक माझी होती. पण वाजवली तिने, लांबून वाजवली. तिथेही सिग्नल तोडणारी पोरं दिसली मला, दुधाने धुतलेलं कुणी नाही, पण सायकल चालवताना हातात फोन दिसला तरी तिथे दंड होतो, २०१९ पासून. ताई सांगत होती शाळेतच मुलांची सायकलची परीक्षा घेतात, खऱ्या रस्त्यावर.

आणि आपल्याकडे बेल वाजवतो कोण, तर पेपर टाकणारा पोरगा. तो पण राँग साइडने येतो, रोज येतो, मी रोज ओरडते. पण त्याची ती खटारा सायकल चौकापासून वाजत येते, वाजवत वाजवतच तो वळतो, मला तो कुठे आहे ते न बघता कळतं. त्याला कामाची घाई आहे, सातच्या आत दोनशे घरं करायची असतात. तुम्हाला कसली घाई आहे रे? तुम्ही तर हौसेने निघालेले, परत येऊन इडली खाणार. दीड लाखाच्या सायकलला शंभर रुपयांची बेल लावत नाही तुम्ही, आणि का तर म्हणे वजन वाढतं, लुक जातो. हे तू म्हणाला होतास. मी हसले होते तेव्हा.

मला जे खरं लागलं ते वेगळंच आहे. मार्चमधे तू मला रात्री फोन केला होतास, ऐरोलीकडून येताना एका मोठ्या गाडीवाल्याने तुला हॉर्न न देता हातभर अंतरावरून कट मारला, तू घसरून कडेच्या मातीत गेलास. तुझा आवाज तेव्हा कापत होता. तू म्हणालास, "आई, त्याला मी माणूस दिसलोच नाही गं, मधे आलेलं काहीतरी होतो." मी त्या रात्री झोपले नाही, बाबांना विचार. आणि आता झेब्रावर बसलेली असताना, दूध पायाखालून वाहत चाललेलं, मला तुझं तेच वाक्य आठवलं, अगदी तुझ्या आवाजात. त्या गाडीवाल्याचाही काहीतरी स्पीड जाणार असेल ब्रेक मारला तर.

त्यामुळे सायकल सोड असं मी म्हणत नाहीये. बाबा म्हणाले लिही की जिमला जा, मी नाही लिहिणार. तू सायकल घेतल्यापासून सुधारलायस, वजन उतरलं, शुगर बॉर्डरवर होती ती खाली आली, रात्रीचं जागणं कमी झालं, माझ्या डोळ्यांना दिसतंय ते. फक्त पुढच्या रविवारी मला तो फरक जरा मोठा दिसू दे. चहा सोडून दहा-बारा मिनिटं तरी. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे, रस्ता तुला पाठ आहे, एनसीपीएला ते काय चहा पिऊन लगेच उठणारेत का. आणि ग्रुपमधल्या कुणाला पुढच्या चौकात "ओ काकू" ओरडताना ऐकलंस तर तिथल्या तिथे बोल. मला माहितीये तुला मित्रांना बोलायला जड जातं.

बाबा शनिवारी डेक्कन क्वीनने येतायत, दादरला उतरून लोकल घेतील. चिवडा, मेतकूट आणि तुझे राहिलेले दोन शर्ट देतेय. बेल पण देणार होते, काल लंगडत पेठेत जाऊन आले, पितळी आहे, छान खणखणीत वाजते, पण दुकानदाराने विचारलं ताई हँडल किती जाडीचं, साध्या सायकलला २२ मिलिमीटरची लागते, रेसिंगच्या हँडलला मधे ३१.८ असतं, चुकीची नेली तर बसायची नाही. मी म्हटलं विचारून सांगते, त्याने बाजूला काढून ठेवलीये. तर आज रात्री टेप लावून मोज आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या आत कळव, तो दुपारी दुकान बंद ठेवतो.

तुझी,
आई

ता. क. फोन करशील तेव्हा बाबांवर चिडू नकोस, खोटं बोलायला मी सांगितलं होतं.