प्रमोशनवाल्यांनी गुरुवारी नक्की या

मंडळी नमस्कार, यंदा ज्यांचं नाव प्रमोशनसाठी विचारात येतंय त्यांनी गुरुवारी दुपारी दीड वाजता बेलापूरला कोकण भवनच्या मेन गेटजवळ जमायचंय, डबा घेऊन आलात तरी चालेल. ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्स हार्बरची गाडी थोडी आधीची पकडा प्लीज, मागच्या वेळी अर्धे लोक मीटिंग संपताना आले.

येताना काय आणायचं:
- गोपनीय अहवालांच्या (सीआर, म्हणजे साहेब दरवर्षी आपल्या कामावर लिहितात तो अहवाल) प्रती, जेवढ्या असतील तेवढ्या
- विभागीय परीक्षा पास झाल्याचा कागद
- 1 जानेवारीच्या ज्येष्ठता यादीत तुमचं नाव असलेलं पान
- मत्ता व दायित्व (मालमत्ता आणि कर्ज) विवरणाची पोच

"मी सिनियर आहे, माझं होणारच" या भरवशावर राहू नका. डीपीसी (प्रमोशन ठरवणारी विभागीय समिती) सीआर बघते. माझ्याच एका वर्षाच्या सीआरवर रिव्ह्यूइंग ऑफिसरची (अहवाल तपासणाऱ्या वरच्या साहेबांची) सहीच नव्हती, फाइल हातात घेतली तेव्हा कळलं, मग तीन महिने त्या सहीमागे फिरलो, साहेब तोवर रिटायर होऊन गावी गेलेले! म्हणून प्रत्येक पान आताच उलटून बघा.

सीआरमधला शेरा कसाही असो, तो कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा असं सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये देवदत्त केसमध्ये सांगितलंय. कळवला नसेल तर लेखी मागा, तोंडी नको, आणि पोच घ्या.

ज्यांची चौकशी चालू आहे त्यांनी ग्रुपवर काही टाकू नका, मला पर्सनलवर मेसेज करा. दोषारोपपत्र मिळालंय की नुसती तक्रार आहे तेवढं लिहा, मोहोरबंद पाकिटाचा (चौकशी संपेपर्यंत प्रमोशनचा निर्णय पाकिटात बंद ठेवतात तो) विषय त्यावरच ठरतो.

येणार असाल तर बुधवारपर्यंत नाव टाका, नुसता अंगठा नको.