काका, तुम्ही माझी माती ओली ठेवलीत

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

यंदा चवथीला आमच्या घरच्या पाटावर बसलेला गणपती मी केला होता. दीड दिवस माणसं आली, देवावर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसली, आरत्या म्हणून गेली. बऱ्याच जणांनी विचारलं, "मूर्ती कुठल्या चित्रशाळेतली?" दर वेळी तुमचं नाव ओठांवर यायचं आणि गळा दाटून यायचा. विसर्जन करून आल्यावर झोप लागेना, म्हणून लिहायला बसले. नाव कुठे घालायचं नाही ही तुमची ताकीद, म्हणून घालत नाही. गोव्यातल्या मये-डिचोलीत ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुमच्या चित्रशाळेत मूर्ती करायला शिकायला येण्याआधी मी दोन ठिकाणी हरले होते. आठवीत चित्रकलेच्या सरांनी माझा कागद वर्गासमोर धरून सांगितलं, "कला अंगात असावी लागते." ते वाक्य मी तीस वर्षं अंगावर वागवलं. पुढे पैसे भरून एका क्लासला गेले. तिथल्या सरांनी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि चित्र स्वतःच पुरं केलं. खाली नाव माझं. लोकांनी वाहवा केली, आणि मी घरी येऊन रडले. या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही माझ्या मातीला कधी बोट लावलं नाहीत. शेजारी बसून स्वतःच्या गणपतीचा कान करायचात, मी बघायचे. पहिला महिनाभर तुम्ही मला फक्त कानच करायला लावलेत. माती वाळताना आक्रसते. कड पातळ आणि मूळ जाड राहिलं तर कड आधी वाळते, मूळ ओलंच राहतं आणि मध्ये भेग पडते. हे तुम्ही सांगितलं नाहीत, माझे कान फुटू दिलेत. संध्याकाळी फुटलेले सगळे कान बादलीत. सुकी माती पाण्यात पडली की बारीक बुडबुडे सोडत कशी विरघळते, ते मी तिथे उकिडवी बसून पाहिलं. सकाळी त्याच मातीचा नवा गोळा. तीस वर्षांची भीती माझ्या मनातून त्या बादलीने काढली.

"तुमच्या हातात देवानेच कला घातलीय," असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तुम्ही केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं सांगितलंत. लहानपणापासून गाणं शिकत आलेली बाई 1921 साली, तिशीच्या उंबरठ्यावर, अल्लादिया खाँसाहेबांपुढे पुन्हा शिकायला बसली. 1977 मध्ये 'व्हॉएजर' यानाबरोबर त्यांची भैरवी अंतराळात गेली, ते सगळ्यांना ठाऊक असतं. "ते पुन्हा बसणं कोण सांगत नाही," तुम्ही म्हणालात आणि सोंडेला पाण्याचा हात लावत राहिलात.

मला वाटायचं, कलाकाराला आधी सुचतं, मग त्याचा हात चालतो. पण कितव्या तरी कानाला माझ्या अंगठ्याने आपणहून एक वळण घेतलं. कान जरासा पुढे आला, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखा. मी ते ठरवलं नव्हतं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "हो तुजो." हा तुझा. यंदाच्या मूर्तीचा उजवा कान तसाच आहे.

पण हे पत्र लिहायला लावलं ते एका फडक्याने.

दुसऱ्या वर्षी श्रावणात माझ्या पहिल्या मोठ्या मूर्तीची सोंड गळून पडली. मी तशीच उठले आणि अकरा दिवस फिरकले नाही. बाराव्या दिवशी आले ती आता येणार नाही एवढं सांगायला. चवथ तोंडावर आलेली, मूर्तींना उभं राहायला जागा नाही, तुमची माणसं मध्यरात्रीपर्यंत डोळ्यांच्या आखणीला बसलेली. माझ्या कोपऱ्यात मात्र कुणी काही ठेवलं नव्हतं. तिथे माझा गोळा फडक्यात गुंडाळलेला होता. दगड झाला असेल असं समजून उचलला, तर फडकं ओलं. आत बोट घातलं, माती लोण्यासारखी. तुमची सून म्हणाली, "बाबा रोज तिन्हीसांजेला दिवा लावतात आणि तुमच्या फडक्यावर पाणी शिंपडतात."

तुम्ही मान वर केली नाहीत. "बस, बाय," एवढंच म्हणालात. मी बसले. निघताना रोजच्यासारखं "फाल्यां यो," उद्या ये.

अकरा संध्याकाळी, काका. कुणी बघत नसताना, मी येईन की नाही हे ठाऊक नसताना. शेजारीण घरी नसताना मे महिन्यात पाऊस आला, तर तिच्या वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर ताडपत्री ओढून आपल्या कामाला लागणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत, आणि ती कधी बोलून दाखवत नाहीत. त्यांच्या जिवावर किती जणांचं काय काय तगून राहिलं असेल! माझ्याबाबतीत तरी मला ते माहीत आहे.

दसरा झाला की येते. सोंडेचं वळण अजून मनासारखं बसत नाही. माझं फडकं आता विरलंय, म्हणून आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा धुऊन ठेवलाय. तो घेऊन येते.

तुमची,
कोपऱ्यातली बाय