गुण पोस्टला नकोत, पाठपुराव्याला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागले, हे चांगलेच झाले. मात्र काही महाविद्यालयांत हे श्रेयांक रील आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेल्या) छायाचित्रांवरच पदरात पडत आहेत. नदीकाठी तासभर झाडू फिरवायचा, फलकामागे उभे राहायचे, महाविद्यालयाला टॅग करायचे, की अहवाल तयार! (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या फायलीला छायाचित्रे लागतात, याची मलाही कल्पना आहे.)

समाजमाध्यमे अध्यापनात नकोत, असे माझे म्हणणे नाही. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवते; परंतु सूचना देण्याची मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे अनेकांना कळतही नाही. विद्यार्थ्यांनी ही मुदत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचवावी, उखडलेला पदपथ किंवा बाक नसलेला बसथांबा अशी कामे रहिवाशांकडून गोळा करावीत, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्यावी आणि पुढे अंदाजपत्रकात ते काम आले का, हे तपासावे. आले नसेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून त्या निर्णयाच्या नोंदींची प्रत मागता येते. उत्तरासाठी कायद्यात असलेली ३० दिवसांची मुदत एका सत्रात सहज बसते, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचा धडा यातून जितका कळेल तितका माझ्या व्याख्यानातून कळणार नाही.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. स्वतःच्या नावाने जाहीर पोस्ट टाकण्याची सक्ती कोणत्याही विद्यार्थ्यावर होऊ नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयीच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्यांपैकी एकीने ती पोस्ट केवळ ‘लाइक’ केली होती. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले खरे, पण ट्रोलांच्या झुंडी त्यामुळे थांबलेल्या नाहीत, आणि त्यांचा पहिला मारा बहुधा मुलींवरच होतो. गुणांसाठी लिहायला लावणारे महाविद्यालय अशा वेळी पाठीशी उभे राहील, याची हमी कोण देणार?

म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी मूल्यमापनाचे निकष ठरवताना लाइक आणि फॉलोअर यांचे आकडे वगळावेत, अर्जाची पोच व आलेले उत्तर यांना गुण द्यावेत आणि जाहीर पोस्ट पूर्णपणे ऐच्छिक ठेवावी. पुढील सत्राच्या आत तसे परिपत्रक निघावे, ही विनंती.

आपला,
राज्यशास्त्राचा एक प्राध्यापक, पुणे