महिला सायकल संघासाठी आवाहन : सत्कार नंतर, आधी गाडी

सर्व सभासद, माजी खेळाडू, पालक आणि मंडळाचे हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलींच्या सायकल संघाला सोबतीची गाडी आणि सामान मिळावे म्हणून हे पत्र घाईत लिहीत आहे. साखर कारखान्यांची धुराडी पेटायला फार दिवस उरलेले नाहीत आणि शर्यतींचा हंगामही त्याच सुमाराला सुरू होतो. मुलींचा सराव पहाटे पाचला तासगाव आणि पंढरपूर रस्त्यावर चालतो. त्याच अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. अनेकांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. सांडलेल्या उसावर २५ मिलिमीटरचा टायर गेला की सायकल घसरलीच. मुलींच्या मागे पिवळा दिवा लावून ताशी ३० किलोमीटरने चालणारी गाडी असली, तर मागचा ट्रक त्या गाडीला वळसा घालून जातो. गाडी नसली तर तो मुलींना खेटून जातो. मग त्या डावीकडे मुरमात उतरतात, आणि पुढची पडली की मागच्या तिच्या अंगावर येतात. मंडळाची जुनी जीप आता रस्त्यावर काढण्याजोगी राहिलेली नाही. दुचाकीवरून मागे राहा, असे काही जण सुचवतात. पण दुचाकीला ट्रक जुमानत नाही, आणि तिच्यावर जादा चाके, पंप, पाणी काहीच मावत नाही.

मागण्याआधी ऋण मान्य केले पाहिजे. २०१९ च्या महापुरात मंडळाच्या खोलीतल्या सायकली पाण्याखाली गेल्या, तेव्हा पेठेतल्या सायकल दुकानदारांनी आपली माणसे पाठवली. त्यांनी एकेक हब, बॉटम ब्रॅकेट आणि हेडसेट (चाक, पेडल आणि हँडल ज्यांवर फिरतात ते सांधे) उघडला, छर्रे रॉकेलने धुतले, नवे ग्रीस भरले आणि मजुरीचा एक रुपया घेतला नाही. पुराचा गाळ आत राहिला असता तर पॉलिश पेपरने घासावी तशी बेअरिंगची वाट लागली असती. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांनी त्या वर्षी चेन आणि केबल यांचा सगळा खर्च उचलला, आणि नाव छापू नका असे बजावले. म्हणून आजही छापत नाही. मिरजेतली डॉक्टर मंडळी हंगामाआधी मुलींचे हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) विनामूल्य तपासून देतात. हा उपकार लहान नाही. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा उतरलेला असू शकतो. मग मुलगी चढावर मागे पडू लागते आणि बघणारे तिला आळशी ठरवतात. विश्रामबागेतल्या भगिनींचे शेंगदाण्या-गुळाचे लाडू तर प्रत्येक शर्यतीत जर्सीच्या मागच्या खिशात असतात. तासाभराहून लांबच्या शर्यतीत अर्ध्या तासाला एक लाडू किंवा केळे आणि तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, हा हिशेब मुलींना पाठ आहे.

छोट्या गावांतल्या मुली कुठवर जातात, हे आता कुणाला पटवून द्यायला नको. २०२२ साली दिल्लीतल्या आशियाई ट्रॅक स्पर्धेत टीम स्प्रिंटचे कांस्य मिळवणाऱ्या भारतीय संघात मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी भंडारा जिल्ह्यातल्या. पूजा दानोळे तर आपल्या शेजारच्या इंगळीची. प्रणिता सोमण संगमनेरची.

आता थोडे स्पष्ट लिहितो. जुन्या सायकली देणाऱ्यांचा भाव मोठा आहे, पण त्यातल्या बहुतेक ५४-५६ सेंटिमीटर फ्रेमच्या, पुरुषांच्या मापाच्या असतात. पाच फूट उंचीच्या मुलीला ४४ ते ४८ ची फ्रेम लागते. सीट खाली घेऊन उंची जुळते, पण हँडल लांबच राहते. मग मान आणि पाठ धरते, हाताला मुंग्या येतात, आणि उतारावर खालच्या पकडीतून ब्रेकच्या लिव्हरपर्यंत बोटे पोचत नाहीत. हे शेवटचे सर्वांत धोक्याचे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडाही १७२.५ नव्हे, १६५ मिलिमीटरचा हवा. हँडल ४२ ऐवजी ३६ किंवा ३८ सेंटिमीटर रुंद. शिवाय दान आलेली प्रत्येक सायकल वेगळी. एकीला मागच्या चाकावर ९ चकत्यांची कॅसेट, दुसरीला ११. एकीला रिम ब्रेक, दुसरीला डिस्क. शर्यतीत पंक्चर झाल्यावर गाडीतले जादा चाक सहा मुलींपैकी दोघींनाच बसते आणि बाकीच्या रस्त्याकडेला ट्यूब बदलत बसतात. म्हणून यंदा कार्यकारिणीने ठरवले आहे की पूर्ण संघ ११ स्पीड (मागे ११ चकत्या) आणि डिस्क ब्रेक या एकाच मापावर आणायचा. म्हणजे चाकांच्या दोन जोड्या सर्वांना पुरतील.

उत्तरेतल्या स्पर्धांना आपण मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली गाठतो. सायकली पार्सलच्या डब्यात जातात आणि नुकसान तिथेच होते. पेडल काढायची (डाव्या पेडलचा आटा उलटा असतो, हे नव्या पालकांनी ध्यानात ठेवावे), हँडल फिरवून बांधायचे, सीटपोस्ट उतरवायची, चाके काढल्यावर फ्रेमच्या आणि फोर्कच्या टोकांत अडसर घालायचे. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरपासून, म्हणजे तो ज्या पट्टीवर टांगतात तिच्यापासून, सोडवून कापडात गुंडाळून चेनस्टेला (चेनलगतच्या फ्रेमच्या नळीला) बांधायचा. हे शेवटचे राहिले तर वर पोती पडून हँगर वाकतो. वाकलेल्या हँगरवर गिअर उड्या मारतात, आणि मोठ्या चकतीवर टाकताना डिरेलर आऱ्यांत जाऊन चाकच बाद होते. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, परगावच्या दुकानात मिळत नाही. म्हणून प्रत्येक सायकलीसाठी दोन जादा हँगर हवेतच. कठीण आवरणाच्या सायकल पेट्या मिळाल्या तर हा सारा धसका जाईल.

मुलींच्या संघाचा प्रवास मुलांच्या संघासारखा नसतो, हे सांगताना आजवर संकोच केला; आता करत नाही. बिब शॉर्ट्स (खांद्यावरून पट्टे असलेल्या) उतरवायच्या तर आधी जर्सी काढावी लागते. हायवेवर शर्यत सुरू होते तिथे आडोसा नसतो, मग मुली पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि चाळिसाव्या किलोमीटरला पायात गोळे येतात. पडदे लावलेली गाडी आणि घडीचा छोटा तंबू एवढ्याने हे टळते. पाळीच्या दिवसांत बैठकीची गादी ओली झालेल्या शॉर्ट्समध्ये तासन् तास बसल्याने कातडी सोलवटते, गळू होते आणि आठवडाभर सायकलवर बसता येत नाही. उपाय म्हणजे प्रत्येकीला किमान तीन शॉर्ट्स, मध्ये खाच असलेली रुंद सीट आणि उतरल्या उतरल्या कपडे बदलायची जागा. शर्यत सकाळी साडेसहाला असेल तर जेवण पहाटे साडेतीनला व्हायला हवे. त्या वेळी लॉजवर चहादेखील मिळत नाही, म्हणून भाताचा इलेक्ट्रिक कुकर सोबत लागतो.

आणि संघासोबत एक जबाबदार महिला व्यवस्थापक हवीच, मानधन देऊन. २०२२ च्या जूनमध्ये स्लोव्हेनियातल्या शिबिरात भारतीय पथकातल्या एकट्या महिला सायकलपटूला प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार करावी लागली आणि पथक परत बोलावण्यात आले. त्यानंतरही कुणी आम्हाला विचारते की बाई कशाला, खर्च वाढतो. पालकांच्या जागी उभे राहून उत्तर द्यावे.

एक बोलायचे नव्हते, तरी बोलतो. पदक आले की शाल, श्रीफळ, फेटे आणि फ्लेक्स यांना कमी पडत नाही. पण गेल्या वर्षी निघण्याआधी डिझेलसाठी काढलेल्या पत्राला मोजकीच उत्तरे आली आणि दोन मुलींची नावे प्रवासखर्चापायी मागे घ्यावी लागली. त्यांच्या घरी जाऊन ते सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

हवे ते असे : बारा आसनी जुनी पण चालू स्थितीतली गाडी, किंवा हंगामभराचे भाडे, चालक आणि डिझेल, वर सायकलींचे स्टँड लोखंडी पट्टीचे, कुणी फॅब्रिकेशनवाले करून देतील तर उत्तम. ७०० बाय २५ किंवा २८ चे टायर, लांब प्रेस्टा (बारीक तोंडाच्या) व्हॉल्व्हच्या ट्यूब (किमान ६० मिमी, आखूड नको), ११ स्पीड चेन, डिस्कचे पॅड, हवेचा दाब दाखवणारा मीटर असलेला उभा पंप (पन्नास किलोच्या मुलीला ७५ पीएसआय पुरते, १२० भरू नये). वापरलेले हेल्मेट कृपया देऊ नये, एकदा आपटलेले वरून कळत नाही. ५० सेंटिमीटरपर्यंतच्या फ्रेम आनंदाने घेऊ. एका मुलीला दत्तक घेऊन हंगामाचा खर्च उचलणाऱ्यांना बिलांच्या प्रती दरमहा मिळतील. धनादेश मंडळाच्या नावे, खाते पूर्वीचेच. देणगीवरील आयकर सवलतीसाठी पॅन लिहावा, रोख २,००० रुपयांवर दिल्यास ती सवलत मिळत नाही. वस्तू संध्याकाळी सहा ते आठ कार्यालयात, रविवारी सकाळी सराव संपल्यावर. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. गाडी चालवू शकणाऱ्या माजी खेळाडूंनी, विशेषतः भगिनींनी, नावे द्यावीत. परवाना सोबत आणावा. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, तेव्हा वसुबारसेपूर्वी कळवावे.

आपला नम्र,
सचिव, कार्यकारी मंडळाच्या वतीने
सांगली